वाचक विचारतात : शाळेच्या चुलाणाला जंगलातलं लाकूड

प्रश्न : आमची निवासी आश्रमशाळा किनवट तालुक्यात आहे. मुलं दोनशे. डिसेंबर-जानेवारीत आंघोळीचं पाणी तापवायला लाकूड पुरत नाही आणि लहान मुलं गार पाण्यानं आजारी पडतात. परदेशात जंगलातल्या टाकाऊ लाकडावर शाळा आणि सरकारी इमारती तापवतात, त्याला सरकार पैसेही देतं, असं वाचलं. आपल्याकडे अशी मदत मागता येईल का?
– एक मुख्याध्यापक, जि. नांदेड

उत्तर : गुरुजी, तुम्ही वाचलंत ते खरं आहे. अमेरिकेत माँटाना राज्यात डार्बी नावाचं लहानसं गाव आहे. 2000 साली त्या खोऱ्यात मोठे वणवे पेटले. पुन्हा तसं होऊ नये म्हणून दाटीनं वाढलेली बारीक झाडं काढायची ठरली, पण त्या लाकडाला गिऱ्हाईक नव्हतं. ढीग लावायचे आणि रानातच पेटवून द्यायचे, असं चालायचं. मग 2003 साली डार्बीच्या शाळेत लाकडाच्या कपच्यांवर चालणारा बॉयलर बसला आणि त्यासाठी तिथल्या केंद्रीय वनखात्यानं पैसा दिला. व्हर्माँट राज्यातल्या शाळा तर 1980 नंतरच्या दशकापासून अशा कपच्या जाळतात. तिकडे पारा शून्याच्या खाली उतरतो, अख्खी इमारत तापवावी लागते. आपल्याला वर्ग तापवायचे नाहीत. पोराच्या अंगावर दोन तांबे ऊन पाणी पडलं पाहिजे, एवढीच आपली गरज. म्हणून आधी तीच मोजू.

दोनशे मुलं, प्रत्येकी 15 लिटर, म्हणजे 3000 लिटर पाणी. पहाटेचं 15 अंशांचं पाणी 38 अंशांवर न्यायचं. बंद भट्टीचा, धुराड्याचा, बरा बॉयलर असेल तर त्याला रोज 32 किलोच्या आसपास सुकं लाकूड लागेल. उघड्या चुलाणावर कढई ठेवलीत तर त्याच पाण्याला सव्वाशे किलो. शंभर दिवसांच्या थंडीत एकीकडे सव्वातीन टन, दुसरीकडे साडेबारा टन. लाकूड पुरत नाही म्हणता, तर त्यातलं बरंचसं या उघड्या चुलाणातच वाया जात असणार.

आणि हा हिशेब सुक्या लाकडाचा. मी वनपाल म्हणून माहूर-किनवटच्या रानात 31 वर्षं काढली. एका वर्षी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला मोकळी ठेवलेली पट्टी, साफ करताना निघालेले धावड्याचे फाटे मी जवळच्या एका वसतिगृहाला मोठ्या आनंदानं देववले. आठवड्यानं पहाटे तिकडून जाताना थांबलो. चुलाणातून नुसता धूर निघत होता, टोकाला फेस येत होता, आणि टॉवेल गुंडाळलेली पोरं डोळे चोळत रांगेत उभी. प्रार्थनेची घंटा झाली तरी पाणी कोमटच. ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असतं. आधी ते पाणी उडणार, मग तुमचं पाणी तापणार. हे मला माहीत होतं, तरी ते ओलं लाकूड तसंच जाळायला दिलं. ती रांग अजून डोळ्यांसमोर येते.

म्हणून मदत मागाल तेव्हा बॉयलरच्या आधी पत्र्याच्या शेडचे पैसे मागा. उन्हाळ्यात फोडलेलं, जमिनीपासून वीतभर उंच रचलेलं, बाजू मोकळ्या ठेवून पावसापासून झाकलेलं लाकूड थंडीपर्यंत चांगलं वाळतं.

आता ते आणायचं कुठून? डार्बीत टाकाऊ लाकडाला वाली नव्हता. आपल्याकडे जंगलात पडलेल्या काटकीलाही वाली आहे. मोळी डोक्यावर घेऊन पहाटे बाजाराची वाट धरणारी बाई तुम्ही रोज पाहता. शाळेचा ट्रॅक्टर रानात शिरून तिच्या वाटच्या काटक्या भरून न्यायला लागला, तर तिच्या घरची चूल विझेल. मराठवाड्यात मुळात जंगल थोडं, त्यात जरा दाट म्हणावं ते तुमच्याच भागात, पैनगंगेच्या काठानं. पडलेली जाड, पोकळ खोडं तर हलवूच नका. त्यांत घोरपडी, साळिंदर राहतात, आणि पुढे त्यांचीच माती होते.

माझं मत असं, की लाकूड ग्रामसभेकडून विकत घ्या. 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, तेंदूपानांबरोबर झुडपी लाकूड आणि बुंधेही आहेत. ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळालाय, तिथली ग्रामसभा ते गोळा करून विकू शकते. सोबत गायरानातली आणि ओढ्याकाठची वेडी बाभूळ घ्या. ती तोडली तर रानाचं नुकसान नाही, उलट जागा मोकळी होते. जळतेही उत्तम, फक्त काट्यांमुळे मजुरी जास्त द्यावी लागेल, ती द्या. बुडातून पुन्हा फुटते म्हणून तोड दरवर्षीची, आणि म्हणून मजुरीही दरवर्षीची.

केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम जाहीर केला. त्यातली जळणाची मदत मुख्यतः भुगा दाबून कांड्या आणि पेलेट (बारीक गोळ्या) बनवणाऱ्या कारखान्यांसाठी ठेवली. तुम्हाला हवी ती शेडला, भट्टीला आणि मोळी आणणाऱ्या हाताला. ती आदिवासी विकास विभागाच्या किनवटच्या प्रकल्प कार्यालयाकडे लेखी मागा, वरचा लिटर-किलोचा हिशेब जोडून. जाळलेल्या लाकडाच्या वजनावर मात्र अनुदान मागू नका. उत्तर आयर्लंडमध्ये 2012 साली अशी योजना आली होती. तिथं ऊब जितकी जास्त तितका पैसा जास्त, वर मर्यादा नाही, आणि दर इंधनाच्या खर्चाहून अधिक. जाळण्यातच नफा झाला. 2016 मध्ये योजना नव्या लोकांसाठी बंद करावी लागली आणि त्या वादात 2017 च्या जानेवारीत तिथलं सरकार कोसळलं.

एक गोष्ट खरं तर आधीच सांगायला हवी होती. जानेवारीत तुमच्या छपरावर दिवसभर लख्ख ऊन असतं. पहिला अर्ज सोलर बंबाचा करा. दिवसा तापलेलं पाणी झाकलेल्या टाकीत पहाटेपर्यंत टिकतं. मग लाकूड फक्त आभाळ आलेल्या दिवसांना लागेल आणि सव्वातीन टनांचं काम कितीतरी कमी लाकडात भागेल.

प्रश्न : आमच्या शिवारात कापसाच्या पळाट्या आणि तुरीच्या तुराट्यांचे ढीग पडून असतात. गावच्या शाळेला खिचडीसाठी फुकट दिल्या तर चालतील का?
– एक शेतकरी, जि. परभणी

उत्तर : दादा, तुमचा देण्याचा हात मोठा आहे, पण शाळेत खिचडी गॅसवर शिजत असेल तर ती गॅसवरच राहू द्या. पळाटी भसकन पेटते, लवकर विझते. शिजवणाऱ्या मावशींना सारखं चुलीपुढे बसून धूर गिळावा लागेल. पळाट्या बांधावर रचूनही ठेवू नका, न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तशीच दडून राहते. वेचणी संपली की श्रेडर फिरवून बारीक करा. जवळपास कांड्यांचा कारखाना असेल तर तो हा भुगा घेतो का ते विचारा. 2021 च्या धोरणानं कोळशावरच्या वीजकेंद्रांना कोळशात शेतातल्या टाकाऊ मालाच्या कांड्या मिसळायला सांगितलंय. कारखाना नसेल तर भुगा वावरातच कुजवा. तुराट्या मात्र घरी ठेवा, कुडाला आणि बंबाला कामी येतील.