कॉफीचा हिशेब कपांत मांडा

तुमचे प्रश्न असे: पुढच्या वर्षी परदेशी जायचं आहे, महिन्याचा खर्च मांडताना बाहेरच्या एका कॉफीची किंमत घरच्या चलनात करून बघितली आणि डोळे पांढरे झाले. मग रोज बाहेर प्यायची की घरी करायची? घरी करायची तर यंत्र घ्यावं का? आणि घरातला मिक्सर सोबत न्यावा का?

आधी ते चलन बदलून बघणं थांबवा. कमाई तिथल्या पैशांत, खर्चही तिथल्याच पैशांत. विनिमयाचा दर लागतो तो फक्त घरी पाठवायच्या रकमेला. कॉफी महाग की स्वस्त हे ठरवायला हातात पडणारा पगार घ्या आणि त्याला महिन्याच्या कामाच्या तासांनी भागा. 40 तासांचा आठवडा असेल तर महिन्याचे साधारण 173 तास होतात. आलेल्या ताशी रकमेवरून एक कप म्हणजे तुमच्या कामाची किती मिनिटं ते काढा. नेमणूकपत्रातला आकडा घेऊ नका, तो कर कापायच्या आधीचा असतो आणि सगळा हिशेब गोड दाखवतो. फलकावरची किंमत करासहित आहे की कर वर लागतो, तेही बघून घ्या.

आता त्या किमतीत असतं काय? दाणे 15 ते 18 ग्रॅम, दुधाची कॉफी असेल तर 150 ते 200 मिली दूध, आणि कागदी कप. बाकी सगळं म्हणजे काउंटरमागच्या माणसाचा पगार, जागेचं भाडं, यंत्राचा हप्ता आणि कर. कच्च्या दाण्यांचा भाव जागतिक बाजारात ठरतो, अरेबिका या जातीचा न्यूयॉर्कमध्ये आणि रोबस्टा या जातीचा लंडनमध्ये. त्यामुळे दाण्यांच्या भावात देशादेशांत फरक असला तरी मजुरी आणि भाड्यातल्या फरकाइतका नसतो. मजुरी चढी तिथे कप महाग, हे त्यातलं गणित. तुम्ही घरी करता तेव्हा दुसऱ्याचा तास विकत घेत नाही, एवढीच बचत आहे, पण ती मोठी आहे. कारण दुसऱ्याचा तास तुम्ही कर भरून उरलेल्या पैशातून घेता आणि त्या तासाच्या भावात त्याचा कर, मालकाचा भार आणि दुकानाचं भाडंही असतं. स्वतःच्या तासावर यातलं काहीच बसत नाही.

म्हणून तिथे पोचलात की पहिल्या आठवड्यात एकच आकडा काढा: 1 किलो बऱ्या दाण्यांच्या किमतीत बाहेरचे किती कप येतात? पुढचा सगळा खर्च मग कपांतच मोजा. फार सोपं जातं. समजा एका किलोच्या किमतीत बाहेरचे 6 कप येतात. घरच्या एका कपाला 15 ग्रॅम धरले तर किलोत 66 कप होतात. सांडलवंड आणि बिघडलेले कप वजा जाता 60 धरा. महिन्याचे कामाचे दिवस 22, रोज एक कप. म्हणजे बाहेरचा खर्च 22 कप आणि घरचा दाण्यांचा साधारण 2 कप, दूध-साखरेचा आणखी एखादा. महिन्याला 19 कप वाचले. साधनं घ्यायची तीही याच मापात बसवा. फ्रेंच प्रेस (जाळीचा दांडा असलेलं कॉफीचं भांडं) 8 कपांचा, हाताने फिरवायचा ग्राइंडर 20 कपांचा आणि छोटा वजनकाटा 4 कपांचा असेल तर 32 कप झाले, दोन महिन्यांच्या आत वसूल. एस्प्रेसो यंत्र आणि त्याला शोभेल असा ग्राइंडर मिळून 200 कपांचे असतील, तर साडेदहा महिने लागतील. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे स्वतः भरा.

सुरुवात फ्रेंच प्रेसने करावी असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं, कागदी गाळण्या विकत आणाव्या लागत नाहीत आणि दोन कप एकदम होतात. 500 मिली पाण्याला 30 ग्रॅम कॉफी. दळण जाडसर हवं, जाड्या मिठासारखं. भांडं आधी गरम पाण्याने विसळून घ्या. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबा, म्हणजे ते 95 अंशांच्या आसपास येतं, मग सगळं एकदम ओता. 4 मिनिटांनी वर कॉफीची साय जमलेली दिसेल. ती चमच्याने हलकेच मोडा, चोथा खाली बसू लागेल. वरचा फेस काढून टाका आणि आणखी 4 मिनिटं हात लावू नका. मग दांडा जाळी पृष्ठभागाला टेकेल इतकाच खाली करा आणि सावकाश ओता. तळापर्यंत दाबलंत की बसलेला गाळ पुन्हा उठतो आणि शेवटचा घोट चिखलासारखा लागतो. चोथा आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवतो, त्यामुळे 500 मिलीतून हातात 440 पडतात. कमी का झाली म्हणून वर पाणी घालू नका.

दांडा जड जात असेल तर दळण बारीक झालंय. तिथे जोर लावू नका. कढत कॉफी कडेने उसळून हातावर येते, काचही फुटू शकते. दांडा बोटभर वर घ्या, थांबा, पुन्हा हलकेच खाली करा. आणि तयार झालेली कॉफी भांड्यात ठेवून देऊ नका. चोथ्यावर उभी राहिली की अर्क उतरतच राहतो आणि दुसरा कप कडू होतो. सगळी एकदम कपात किंवा थर्मासमध्ये काढा.

चव बिघडली तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आंबट, जिभेच्या कडेला झोंबणारी लागली तर अर्क कमी उतरलाय, दळण थोडं बारीक करा. कडवट आणि घसा कोरडा करणारी असेल तर जास्त उतरलाय, जाडसर दळा. पाणचट असेल तर दळणाला हात न लावता कॉफी 2 ग्रॅमने वाढवा. लोक पाणचट कॉफी सुधारायला बारीक दळतात आणि मग ती पाणचटही राहते आणि कडूही होते. वजनकाटा म्हणूनच घ्यायचा: चमच्याने मोजलेल्या कॉफीचं वजन दळणाच्या जाडीप्रमाणे सहज बदलतं, आणि मग कालची चांगली का झाली ते आज कळत नाही.

पैसे घालायचेच तर ते ग्राइंडरमध्ये. पात्याचा ग्राइंडर दाणे दळत नाही, फोडतो. काही पीठ होतं, काही अर्धेच राहतात, आणि एकाच कपात आंबट-कडू दोन्ही येतात. दोन दातेरी चकत्यांमधून दाणा जाणारा ग्राइंडर हवा. हाताचा असेल तर 30 ग्रॅमला मिनिटभर किंवा थोडं जास्त फिरवावं लागतं. दळलेली कॉफी उघडल्यावर काही दिवसांतच वास सोडते; दाणे बंद पिशवीत, भाजल्यापासून महिनाभर बरे राहतात. मोठी पिशवी स्वस्त म्हणून आणली असेल तर तिचे आठवड्याचे हवाबंद वाटे करून फ्रीझरमध्ये ठेवा, आणि वाटा बाहेर काढला की खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. गार दाण्यांवर बाहेरच्या हवेतलं पाणी धरतं.

मोका पॉट, म्हणजे शेगडीवर वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणारं दोन भागांचं भांडं, 1933 पासून आहे आणि दाट कॉफीसाठी आजही त्याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. पाणी वाफेच्या झडपेच्या खालपर्यंतच, आणि ते आधी तापवलेलं. कॉफी सपाट भरा, दाबू नका. मंद आच ठेवा. खुळखुळ आवाज सुरू झाला की लगेच उतरवा, त्यानंतर येते ती वाफेने करपलेली कडू कॉफी. दोन भागांच्या सांध्यातून पाणी गळत असेल तर रबराची चकती कडक झाली आहे. ती सुटी मिळते, मापाचीच आणा. अॅल्युमिनियमचा पॉट भांडी धुण्याच्या यंत्रात घातला तर काळा पडतो, आणि इंडक्शनवर तो तापतच नाही. भाड्याच्या घरात इंडक्शन आहे का हे आधी विचारा. असेल तर चुंबक चिकटेल अशा पोलादी तळाचा घ्या.

दुधाच्या कॉफीचा चाहता असाल तर फेसासाठी वेगळं यंत्र लागत नाही. दूध 60 ते 65 अंशांपर्यंत तापवा, म्हणजे भांड्याला हात जेमतेम दोन सेकंद टिकेल इतकं. प्रेसमध्ये एक तृतीयांश भरा आणि दांडा 15-20 वेळा वरखाली करा. भांडं ओट्यावर आपटून मोठे बुडबुडे मोडा. 70 च्या पुढे गेलेल्या दुधाला करपट वास येतो आणि गोडी जाते.

एस्प्रेसो यंत्राबद्दल: रोज दोन-तीन कप पिणारं घर असेल तरच, आणि वर्षभर एकाच घरात राहायची खात्री झाल्यावर. 18 ग्रॅम कॉफीतून 36 ग्रॅम एस्प्रेसो 25 ते 30 सेकंदांत उतरायला हवा. तो 12 सेकंदांत धो-धो उतरला तर दळण बारीक करायचं, थेंबथेंब गळला तर जाड. हे जमेपर्यंत पहिला किलो बऱ्यापैकी मोरीत जातो, तो साधनांच्या खर्चात धरा. स्वस्त यंत्रांसोबत येणारी दुहेरी तळाची चाळणी कसल्याही दळणातून फेस काढून दाखवते, पण तो फेस चवीचा पुरावा नव्हे.

पाणी जड असेल तर किटलीत पांढरा थर धरतो, आणि यंत्रात तोच थर आतल्या नळ्या बुजवतो. लिटरभर पाण्यात 15 ते 20 ग्रॅम सायट्रिक अॅसिड विरघळवून कोमट किंवा गारच अर्धा तास ठेवा, मग दोन-तीनदा विसळा. उकळवू नका, गरम जड पाण्यात त्याचाच वेगळा न विरघळणारा थर बसतो.

मिक्सर. प्लगचा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. उपकरणावरची पट्टी वाचा. 100–240 असं लिहिलेलं (चार्जर बहुतेक तसे असतात) कुठेही चालतं. फक्त 230 लिहिलेलं उपकरण 120 व्होल्टवर लावलं तर तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते, चौथ्या हिश्शावर येते. 1500 वॅटची किटली 400 वॅटची होते आणि 4 मिनिटांत उकळणाऱ्या लिटरभर पाण्याला पाव तास लागतो. मोटर असेल तर ती मंद फिरते, भार आला की अडकते आणि तापून जळते. उलट 120 चं उपकरण 230 वर लावलं तर पहिल्याच मिनिटाला खेळ संपतो. 750 वॅटच्या मिक्सरला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर सुरू होतानाचा झटका धरून दुप्पट क्षमतेचा लागतो आणि कित्येक किलोंचा असतो. दोन्हीकडे 230 असेल तर न्यायला हरकत नाही, पण कॉफी त्यात दळू नका. मिक्सर म्हणजे शेवटी पात्याचाच ग्राइंडर.

हिशेब फसतो तो मात्र भलत्याच ठिकाणी. घरची कॉफी नेमक्या कोणत्या कपाची जागा घेणार ते ठरवलेलं नसतं. सकाळी घरी एक प्यायली आणि 11 वाजता कचेरीच्या खालून दुसरी आणली, तर खर्च वाढला, घटला नाही. बाहेरचा कप जिथे पिता तिथे घरचा पोचायला हवा. थर्मास आधी उकळत्या पाण्याने 5 मिनिटं तापवा, त्यात काळीच कॉफी भरा आणि दूध वेगळं न्या. दूध घालून तासन् तास कोमट ठेवलेली कॉफी नासते आणि झाकणाच्या रबरात वास राहतो तो जात नाही. दुसरं, नव्या गावात बाहेरच्या कपात बसायची जागा, ऊब आणि माणसं मिळतात. आठवड्याला दोन कप त्यासाठी धरा, आणि उभ्याउभ्या नेलेले कप आधी बंद करा.

हीच रीत इतर कामांना लागू होते. ज्या बिलात माणसाचा वेळ जास्त, ते काम शिकून घ्या. केस कापायच्या यंत्राला अंकांचे कंगवे असतात, 1 म्हणजे 3 मिमी, 4 म्हणजे साधारण 13. सुरुवात 4 ने करा, लहान करता येतं, मोठं नाही. सायकलचं पंक्चर काढताना ट्यूबला ठिगळ लावून झालं की टायर आतून बोटाने, जपून, पूर्ण फिरवून बघा. काटा तिथेच राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा जाते. जोडून घ्यायच्या कपाटाचे सगळे स्क्रू आधी सैल लावा, मागची फळी ठोकण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की मगच आवळा. नाहीतर दारं कायमची तिरकी लागतात. गॅसची जोडणी आणि भिंतीतली वायरिंग यांना हात लावू नका. ती बऱ्याच देशांत परवानाधारकानेच करायची असतात, आणि बिघाड झाला तर विमा कंपनी तेच आधी विचारते.

सामानात हाताचा ग्राइंडर आणि छोटा वजनकाटा तेवढा घ्या. काचेचा प्रेस नेऊ नका, तो तिथेच घ्या. ग्राइंडर झाडून कोरडा करून भरा, नाहीतर बॅगेतले सगळे कपडे कॉफीच्या वासाचे होतात.