विमान पडलं की पाडलं? वाचकांचे प्रश्न, जुन्या फिटरची उत्तरं

मागच्या अंकात मी हवाई दलातल्या माझ्या इंजिन फिटरच्या नोकरीबद्दल लिहिलं आणि तेव्हापासून पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज थांबायचं नाव घेत नाहीत. बहुतेक सगळ्यांचा रोख एकाच गोष्टीवर आहे, युद्धात गमावलेली विमानं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सात प्रश्न घेतोय.

आमचे दादा ८१ वर्षांचे आहेत, टीव्हीवर बातमी लागली की पहिला प्रश्न, "इमान पडनं का पाडं?" मला कळत नाही फरक कशाला करायचा, गेलं ते गेलंच ना? (वाचक, अमळनेर)

दादांना माझा रामराम सांगा. त्यांनी अहिराणीत चार शब्दांत जे विचारलं ना, त्याच्यासाठी हवाई दलात अख्खी चौकशी समिती, कोर्ट ऑफ इन्क्वायरी, बसते.

कारगिलचं घ्या. २७ मे १९९९, बटालिकच्या बाजूला फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता मिग-२७ घेऊन गेले. ही मिग-२७ विमानं आपल्या शेजारी ओझरला एचएएलच्या कारखान्यात बनायची, तेव्हा आपल्या भागातल्या कितीतरी घरांचा त्या विमानाशी संबंध. त्यांनी रॉकेट मारली, तोफ चालवली आणि इंजिन बंद पडलं. तोफेचा आणि रॉकेटचा गरम धूर इंजिनाच्या तोंडात जातो, वर तिथे हवा पातळ, इंजिनाचा श्वास कोंडतो आणि आग विझते, आम्ही त्याला फ्लेमआउट म्हणतो. त्यांनी परत चालू करायचा प्रयत्न केला, नाही झालं, खाली डोंगर, मग इजेक्ट करण्याशिवाय, म्हणजे सीटसकट विमानाबाहेर उडण्याशिवाय, काही राहिलं नाही. पाकिस्तान म्हणालं आम्ही पाडलं, आपण म्हणालो इंजिन बंद पडलं. नचिकेता पकडले गेले आणि ३ जूनला सुटले. पाठीला असा मार बसला होता की पुढे फायटर सोडून त्यांना ट्रान्सपोर्टची विमानं चालवावी लागली.

त्याच दिवशी स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा मिग-२१ मध्ये होते, नचिकेता कुठे उतरले ते शोधायला ते तिथेच घिरट्या घालत राहिले, निघून जाऊ शकत होते पण नाही गेले. खांद्यावरून सोडायचं मिसाइल त्यांच्या विमानाला लागलं. त्यांना मरणोत्तर वीर चक्र मिळालं. दुसऱ्या दिवशी, २८ मे ला एक एमआय-१७ हेलिकॉप्टर तशाच मिसाइलने पाडलं, चौघे गेले. मिसाइलला चकवायला जे जळते गोळे सोडतात, फ्लेअर्स, ते त्या हेलिकॉप्टरवर नव्हते.

म्हणजे दोन दिवसांत तीन गेली, एक पडलं, दोन पाडली. फरक कशासाठी करायचा ते आता बघा. दोन पाडली गेली म्हणून हेलिकॉप्टरने हल्ले करणं थांबवलं, विमानं मिसाइलच्या पल्ल्याच्या वर उडायला लागली आणि मिराज-२००० वर लेझर बॉम्ब आले, २४ जूनला टायगर हिलवर पडले ते तेच. आणि एक पडलं ते तिथे एवढ्या उंचीवर तोफ चालवली तर इंजिनाचं काय होतं हे दाखवून गेलं. दुखणं वेगळं तर औषधही वेगळं, म्हणून विचारायचं.

जगातल्या मोठ्या युद्धांमध्ये शत्रूमुळे जास्त विमानं गेली का अपघातामुळे? (कॉलेज विद्यार्थिनी, शिरपूर)

ताई, शत्रूमुळे गेलेली मोजायची सवय सगळ्यांना असते, दुसरी बाजू ऐकली की माणूस गप्प होतो. दुसऱ्या महायुद्धात एकट्या अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाची १५ हजारांच्या आसपास माणसं त्यांच्या स्वतःच्याच देशात विमान अपघातांत मेली, बरीचशी ट्रेनिंग घेताना, शत्रूचं तोंडही न बघता. पोरं विशीतली, लढाई अंगावर आलेली, पायलट लवकर तयार करायचे म्हणून शिकवण्याचे तास कमी केलेले, विमानं नवीन आणि भारी.

दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं. १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेशातून चीनला जाणारा रस्ता तोडला, मग आसामातल्या धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या पूर्वेकडच्या डोंगरांवरून चीनच्या कुनमिंगला सगळा माल विमानाने न्यायचा, पेट्रोलसुद्धा. पायलट लोक त्या रस्त्याला हम्प म्हणायचे, म्हणजे उंटाची मदार. तीन-साडेतीन वर्षांत तिथे जवळपास ६०० विमानं गेली, जपान्यांनी पाडलेली त्यात थोडीच. पंखावर बर्फ साचायचा, वारा विमान कुठच्या कुठे फेकायचा, नकाशे कच्चे, ढगात समोर डोंगर आहे हे डोंगर लागल्यावर कळायचं. अरुणाचलच्या जंगलात त्यांचे सांगाडे अजून सापडतात, पासीघाटला २०२३ मध्ये त्यांचं म्युझियम झालं.

आता युद्ध लागलं की अपघात का वाढतात ते मी माझ्या नोकरीवरून सांगतो. शांततेच्या दिवसात आमची सकाळ धावपट्टीवर सुरू व्हायची, सगळे एका रांगेत, खांद्याला खांदा, माना खाली, खडा दिसला उचल, स्क्रू दिसला उचल, लॉकिंग वायरचा नखाएवढा तुकडा दिसला तोही उचल. कारण जेट इंजिन समोर येईल ते ओढून घेतं आणि एक खडा आतल्या पात्यांना पुरे होतो. हत्यारांच्या पेटीत प्रत्येक पान्याच्या आकाराचा खाचा कोरलेला असायचा, काम झालं की एकही खाचा रिकामा दिसता कामा नये, एक पाना सापडला नाही तर विमान उडणार नाही, मग रात्रीचे दोन वाजोत. त्यानंतर फॉर्म ७०० वर सही, म्हणजे हे विमान मी बघितलंय आणि जबाबदारी माझी.

१९९९ ला मी उत्तरेकडच्या एका बेसवर होतो. काम तेच, खाचे तेच, सही तीच, फक्त आराम गेला. विमान उतरलं की इंधन, हत्यारं, तपासणी आणि परत वर, रात्री ब्लॅकआउट, लाल काचेच्या टॉर्चवर बोल्ट बघायचे, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाताला सवयीने कळतं पण डोळा साथ देत नाही. पायलटचंही तेच, त्याला तर वर जाऊन खालून येणाऱ्या गोळ्या पण चुकवायच्यात. अशा दमलेल्या माणसाच्या हातून उतरताना धावपट्टी चुकली तर तुम्ही त्याला नुसता अपघात म्हणून दुसऱ्या वहीत लिहून मोकळे होणार का? मला ते कधीच पटलं नाही. लढाई नसती तर तो त्या वेळी, त्या हवेत, तेवढा दमलेला उडालाच नसता.

एकदा माझ्या सहीचं विमान वेळेवर परत आलं नाही. शिडी घेऊन उभा होतो, चाकाखाली लावायचे ठोकळे पायाशी, बाजूची सगळी उतरली, माझी जागा रिकामी. चाळीस मिनिटं मी मनातल्या मनात एकेक नट परत आवळला, एकेक वायर परत बघितली. मग फोन आला की हवा खराब म्हणून दुसऱ्या बेसवर उतरलंय. मी शिडी तिथेच टेकवली आणि खाली बसलो, उठताच येईना.

गोळ्या लागून परत आलेल्या विमानांवरून एका गणितज्ञाने काहीतरी शोधलं होतं म्हणे? (वाचक, जळगाव)

हो, अब्राहम वाल्ड. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेत काम करायचे. परत आलेल्या विमानांवर भोकं कुठे आहेत ते बघून तिथे पत्रा जाड करायचा असा साधा विचार सुचतो, वाल्डच्या गणिताने दाखवलं की परत आलेल्यांवर जिथे भोकं कमी दिसतात तिथे काळजी जास्त घ्या, इंजिनाजवळ लागलेली विमानं तर परतच आली नाहीत, ती तुमच्या मोजणीत कुठून येणार? आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे की हे वाल्ड १९५० मध्ये व्याख्यानांसाठी भारतात आले होते आणि १३ डिसेंबरला निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून बायकोसह वारले. न परतलेल्या विमानांचा एवढा विचार केलेला माणूस, आपल्याच डोंगरात गेला. मला हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

आपल्याच मिसाइलने आपलंच हेलिकॉप्टर कसं पडू शकतं? (ऑर्डनन्स फॅक्टरीतले निवृत्त कामगार, वरणगाव)

भाऊ, तुम्ही २७ फेब्रुवारी २०१९ चं विचारताय. सकाळी पाकिस्तानची विमानं आली, आपली वर गेली, विंग कमांडर अभिनंदन यांचं मिग-२१ त्यातच पाडलं गेलं आणि सगळ्या देशाचं लक्ष तिकडे गेलं. त्याच सकाळी श्रीनगरजवळ बडगामला आपलं एमआय-१७ आपल्याच मिसाइलने पडलं. सहा जण गेले आणि खाली जमिनीवरचा एक माणूस. त्यातले स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे आपल्या नाशिकचे. ऑक्टोबरमध्ये हवाई दल प्रमुख भदौरिया यांनी स्वतः सांगितलं की ही आमची मोठी चूक होती.

लष्करी विमानात एक यंत्र असतं, खालून रडारने विचारलं की "मी आपला" म्हणून उत्तर देतं, त्याला आयएफएफ म्हणतात. ते बंद असेल आणि जमिनीवरच्या लोकांचं एकमेकांशी बोलणं नीट झालं नसेल, तर पडद्यावर नुसता एक ठिपका दिसतो आणि ठरवायला हातात काही सेकंद. चूक कबूल केली हे फार बरं झालं, झाकली असती तर घरच्यांच्या वाट्याला नुसता संशय आला असता.

दोन्ही देशांचे आकडे कधीच का जुळत नाहीत? कोणी तरी खोटं बोलतंय ना? (निवृत्त शिक्षक, धुळे)

गुरुजी, खोटं बोलणारे असतात, पण बरेचदा खरं बोलणाऱ्यांचे आकडेसुद्धा जुळत नाहीत. दोन पायलट एकाच विमानावर गोळ्या झाडतात, दोघंही म्हणतात मी पाडलं. धूर सोडत गेलेलं विमान पडलं असं वाटतं आणि ते कसंबसं घरी पोचतं. एखादं घरी पोचतं पण इतकं मोडलेलं की परत उडत नाही, ते गेलं म्हणायचं का नाही? आणि अपघाताचा रकाना वेगळा ठेवला की एकूण आकडा आपोआप लहान दिसतो.

कधी कधी तर ज्याने पाडलं तोच सांगायला राहत नाही. ७ सप्टेंबर १९६५, पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावर आपली मिस्टेर विमानं हल्ल्याला गेली. स्क्वाड्रन लीडर देवय्या, कोडगूचे, खरं तर राखीव होते, कोणाचं विमान नाही निघालं तर यांनी जायचं. ते गेले. परतताना पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर मागे लागलं, आवाजाच्या दुप्पट वेगाचं, मिस्टेर त्याच्यापुढे काहीच नाही. देवय्यांच्या विमानाला गोळ्या लागल्या तरी ते वळले, भिडले आणि त्यांनी ते स्टारफायटर पाडलं. पाकिस्तानी पायलट पॅराशूटने उतरला, देवय्या राहिले तिकडेच. आपल्याकडे कोणी बघितलं नव्हतं, इथे एवढंच माहीत की देवय्या परत आले नाहीत. पुढे १९७९ मध्ये पाकिस्तानच्या बाजूने माहिती घेऊन लिहिलेल्या एका ब्रिटिश लेखकाच्या पुस्तकातून धागा मिळाला आणि १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र दिलं. तेवीस वर्षं! तोपर्यंत आपल्या हिशोबात ते नुसतं एक न परतलेलं विमान होतं. म्हणून युद्ध चालू असताना मोबाइलवर "आपले इतके, त्यांचे तितके" असं क्रिकेटच्या स्कोअरसारखं फिरतं ना, ते बघून मला त्रास होतो.

जे पायलट कधी सापडलेच नाहीत त्यांचं काय? (गृहिणी, नंदुरबार)

ताई, १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेल्यांमध्ये एक आपले मराठी, फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे. ५ डिसेंबरला सुखोई-७ घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोटच्या विमानतळावर हल्ल्याला गेले आणि परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पकडलेल्या पायलटांच्या तिकडच्या बातमीत तांबेंच्या नावाशी जुळणारं नाव आलं होतं, तेवढ्यावर त्यांनी सगळं आयुष्य शोध घेतला. अशा ५४ बेपत्ता जवानांची यादी आहे. २००७ मध्ये १४ नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांमध्ये जाऊन आले, कोणी सापडलं नाही, पाकिस्तान म्हणतं आमच्याकडे कोणी नाही. पडलं की पाडलं हे तरी इतरांना कळतं, या घरांना माणूस गेला का आहे हेच कळलेलं नाही.

आमच्या शेतावरून विमानं जातात. उद्या देव न करो एखादं पडलं तर आम्ही काय करायचं? (शेतकरी, चोपडा तालुका)

दादा, तुमच्याच तालुक्यात २०२१ ला सातपुड्याच्या पायथ्याशी ट्रेनिंगचं छोटं विमान पडलं होतं. शिकवणारा पायलट गेला, शिकणारी मुलगी जखमी, आणि तिथल्या आदिवासी माणसांनी साडीची झोळी करून तिला खाली आणली. ते साधं विमान होतं म्हणून एवढं जवळ जाता आलं.

लष्करी असेल तर आधी माणूस बघा, पायलट बऱ्याचदा विमानापासून दूर कुठेतरी पॅराशूटने उतरतो. पाठीच्या मणक्याला मार असू शकतो, ओढून उठवू नका, पाणी पाजायची घाई नको, नुसतं पांघरूण घाला आणि त्याच्याशी बोलत राहा. ११२ ला फोन करा. विमानाच्या जवळ जायचं नाही, धूर जिकडे जातो तिकडे तर अजिबात उभं राहायचं नाही. सीट दिसली तर हात लावू नका, तिच्यात सीट उडवायची काडतुसं असतात आणि ती सगळी फुटलेली असतीलच असं नाही. पोरांना आवरा, व्हिडिओ काढायला पुढे पळतात. आणि एखादा तुकडा चांगला चकाकतोय, घरी ठेवू, असं करू नका दादा, चौकशीला येणाऱ्या लोकांना तो जिथे पडला तिथेच बघायचा असतो, त्याच्यावरूनच त्यांना कळतं की काय आधी तुटलं. तुमच्या दोन ओळींचा कापूस तुडवला जाईल, पंचनाम्यात तेवढं लिहून घ्यायला मात्र विसरू नका.