दादांचं वय ७६, केमो झेपेल का?

प्रश्न: डॉक्टर, माझे वडील (आम्ही दादा म्हणतो) ७६ वर्षांचे आहेत, निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे. मानेला गाठ आली म्हणून बायोप्सी केली तर डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा, म्हणजे लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर निघाला, तिसरी स्टेज. २ महिन्यांत ९ किलो वजन उतरलंय. नाशिकच्या डॉक्टरांनी कमी डोसची केमो, म्हणजे मिनी-चॉप, सांगितलीय. भाऊ म्हणतो या वयात कशाला हाल, घरीच सांभाळू. कमी डोस म्हणजे अर्धवट इलाजच ना? - एक वाचक, निफाड

उत्तर: ताई, ७६ हा झाला आधार कार्डावरचा आकडा, नुसत्या त्यावर निकाल लावू नका. मला आधी हे सांगा की गाठ यायच्या आधी दादा काय करत होते? ऑक्टोबर छाटणीला स्वतः बागेत उभे असतील आणि आता बाथरूमपर्यंत जाताना दम लागत असेल, तर ही अशक्तता बरीचशी आजाराची आहे आणि औषध लागू पडलं की ती उतरते. पण २-४ वर्षांपासूनच हार्ट नाहीतर किडनीचा त्रास असेल, अंघोळीलाही माणूस लागत असेल, तर हिशोब वेगळा.

आजार किती जोखमीचा आहे ते बघायला डॉक्टर आयपीआय नावाचा स्कोअर काढतात, १९९३ पासून चालू आहे, त्यात ५ गोष्टी बघतात: वय ६० च्या वर, तिसरी-चौथी स्टेज, रक्तातलं एलडीएच नावाचं एन्झाइम वाढलेलं, हिंडण्याफिरण्याची ताकद आणि गाठींशिवाय किती अवयवांत आजार पसरलाय. दादांचे पहिले २ मार्क तर बसल्या जागी गेले, त्याला इलाज नाही.

आता मिनीचं. यात रिटुक्सिमॅब (कॅन्सरच्या बी पेशींना नेमकं धरणारं औषध) पूर्ण डोसमध्येच असतं, बाकीची केमो साधारण निम्मी. फ्रान्समध्ये ८० च्या पुढच्या पेशंटवर हे करून बघितलं, २०११ मध्ये रिझल्ट छापून आले, २ वर्षांनी ५९ टक्के लोक जिवंत होते. ८० च्या पुढचे हं! त्यातच दिसलं की अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) साडेतीन किंवा त्याखाली असलेले लोक मागे पडले, म्हणून ९ किलो वजन गेलंय हे मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं. अंडी, डाळ, दूध, जे जाईल ते थोडं थोडं सारखं द्या, डाएटिशियनलाही भेटा.

आणि म्हातारपणी खरा धोका केमोच्या पहिल्या सायकलला, म्हणजे पहिल्या फेरीला असतो, पेशंट जातात ते बऱ्याचदा तेव्हाच. म्हणून बरेच डॉक्टर आधी ५-७ दिवस नुसत्या प्रेडनिसोलोनच्या (स्टेरॉइडच्या) गोळ्या देतात, त्याने माणूस जरा उठून बसतो, जेवायला लागतो, आणि मग केमो सोसते. हे करणार का ते विचाराच. दादांना शुगर असेल तर आधीच सांगा, या गोळ्यांनी ती भडकते. सोबत हार्टची २डी इको (मिनी-चॉपमधलं डॉक्सोरुबिसिन हे औषध हार्टला लागतं), हिपॅटायटिस बी ची टेस्ट आणि पांढऱ्या पेशी वाढवायच्या इंजेक्शनचंही विचारून घ्या.

भावाला सोबत न्या, हाल किती होतील ते त्यालाच विचारू दे. पत्रात भावाचं मत आहे, डॉक्टरांचं आहे, दादांचं कुठेच नाही, तेही आधी कळू द्या.

केमो सुरू झाल्यावर ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसू नका, रात्रीचे २ वाजले असले तरी गाडी काढा आणि सरळ नाशिक गाठा.