खनिज पूर्वेक्षण करणाऱ्या छोट्या कंपनीने लाभांश कधी द्यावा?

आपण विचारले आहे की, विटा परिसरातील आपल्या काही नातेवाइकांनी खनिज पूर्वेक्षण (जमिनीतील खनिजांचा शोध) करणाऱ्या एका खासगी कंपनीचे भाग (शेअर) अधिमूल्य, म्हणजे दर्शनी किमतीहून जादा रक्कम, देऊन घेतले. चंद्रपूर-नागपूरकडे काम करणाऱ्या या कंपनीला यंदा प्रथमच ६२ लाख रुपये नफा झाला आणि बँकेतही १ कोटी १० लाख रुपये शिल्लक आहेत, तरीही संचालक लाभांश देण्यास तयार नाहीत. हे योग्य आहे का, आणि अशा कंपनीचे लाभांशाचे धोरण काय असावे? मी सांगलीत कंपन्यांना कायदेशीर कामकाजाबाबत सल्ला देतो. आपण दिलेल्या आकड्यांवरून पाहता संचालकांचा निर्णय बरोबर आहे. किंबहुना त्यांना दुसरा मार्गच नाही.

आपणच लिहिले आहे की, ताळेबंदात मागील वर्षांचा १ कोटी ४० लाखांचा संचित तोटा आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२३ नुसार मागील तोटा आणि हिशेबात धरायचा राहून गेलेला घसारा (यंत्रे वगैरे वापराने झिजल्याने होणारी मूल्यघट) चालू वर्षाच्या नफ्यातून वळता केल्याखेरीज लाभांश जाहीर करता येत नाही. यंदाचे ६२ लाख वळते केल्यावरही ७८ लाखांचा तोटा उरतोच. ड्रिलिंगचे नमुने चांगले आले आणि त्यामुळे पट्ट्याची (पूर्वेक्षणासाठी मिळालेल्या क्षेत्राची) किंमत वाढली असे संचालकांनी सांगितले, तरी त्याने फरक पडत नाही, कारण प्रत्यक्ष हाती न आलेला लाभ किंवा मालमत्तेच्या पुनर्मूल्यांकनातून दिसणारी वाढ या कलमाखाली नफा म्हणून धरता येत नाही.

राहिला बँकेतील पैशाचा प्रश्न. हा पैसा कोठून आला, हे आधी तपासावे. भाग विकताना घेतलेले अधिमूल्य वेगळ्या खात्यात दाखवावे लागते, आणि कलम ५२ मध्ये त्याच्या वापराच्या ज्या वाटा दिल्या आहेत त्यांत रोख लाभांश नाही. म्हणजे आपल्याच नातेवाइकांनी घातलेली रक्कम लाभांश या नावाने त्यांना परत देता येणार नाही, आणि ते योग्यही आहे.

यात वेळेचाही एक मुद्दा आहे आणि तो मला कायद्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. मार्चअखेर हिशेब बंद करणाऱ्या कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा सहसा ३० सप्टेंबरपर्यंत होते. विदर्भातील शेतशिवारात आणि जंगलात पावसाळ्यात यंत्रे नेणे अवघड असते, त्यामुळे क्षेत्रीय काम खऱ्या अर्थाने ऑक्टोबरनंतर सुरू होते आणि उन्हाळ्यापर्यंत चालते. साहजिकच सभेच्या दिवशी बँकेतील शिल्लक भरघोस दिसते, पण ड्रिलिंगचे कंत्राटदार, प्रयोगशाळेतील नमुना परीक्षण, भूवैज्ञानिकांचे पगार आणि शेतमालकांची भरपाई यांसाठी पुढील सहा-आठ महिन्यांत लागणारी रक्कम तीच असते. आपल्याकडे बहुतेकांना पतसंस्थेच्या सभेत दरवर्षी जाहीर होणाऱ्या लाभांशाची सवय आहे. पतसंस्थेचे उत्पन्न कर्जांच्या व्याजातून वर्षभर येत राहते, पूर्वेक्षण कंपनीला मात्र खनिज सापडून त्याचा व्यवहार होईपर्यंत मुख्य कामातून उत्पन्नच नसते. खानापूर-आटपाडीकडील गलाई (सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) व्यवसायातील कुटुंबांना धातूची पारख पिढ्यान्‌पिढ्या आहे, तरीही हा फरक त्यांना समजावून सांगावा लागतो, असा माझा अनुभव आहे.

त्याहून सूक्ष्म अडचण नफ्याच्या आकड्यातच असते. पूर्वेक्षणाचा खर्च त्याच वर्षी नफा-तोटा पत्रकात न टाकता मालमत्ता म्हणून ताळेबंदात नेता येतो. ज्या कंपन्यांना इंड एएस (भारतीय लेखा मानके) लागू आहेत, त्यांच्यासाठी इंड एएस १०६ मध्ये याची तरतूद आहे. असे केल्यास दुसऱ्यांसाठी केलेल्या ड्रिलिंगचे उत्पन्न नफा म्हणून दिसते, परंतु स्वतःच्या पट्ट्यात त्याच वर्षी खर्च झालेली रक्कम त्या नफ्यातून वजा झालेली नसते. पुढे तो पट्टा निष्फळ ठरला, तर ही सारी रक्कम एकाच वर्षी तोट्यात जाते. अशा नफ्यावर दिलेला लाभांश कायद्यात बसला, तरी कंपनीला तो झेपत नाही. म्हणून लाभांशाची चर्चा करण्यापूर्वी मी नेहमी रोख प्रवाह पत्रक मागतो आणि मालमत्तेत नेलेला खर्च नफ्यातून मनाने वजा करून पाहतो.

धोरण लेखी असावे. सूचीबद्ध कंपन्यांपैकी बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांनाच सेबीच्या नियमांनी ते बंधनकारक केले आहे, पण छोट्या खासगी कंपनीला त्याची गरज अधिक असते, कारण येथे भागधारक आणि संचालक एकाच लग्नात पंगतीला बसतात आणि तोंडी आश्वासने लवकर विसरली जातात. माझ्या मते त्यात स्पष्ट लिहावे की, स्वतःच्या पट्ट्यांचे पूर्वेक्षण चालू असेपर्यंत नियमित लाभांश मिळणार नाही. पट्ट्यातील हिस्सा विकून किंवा भागीदार घेऊन एकरकमी उत्पन्न झाले, तर संचित तोटा भरून काढल्यानंतर आणि पुढील दोन हंगामांचा मंजूर खर्च बाजूला ठेवल्यानंतर जे उरेल, त्याचा ठरावीक हिस्सा विशेष लाभांश म्हणून द्यावा. दरवर्षी थोडे थोडे देण्याचे वचन मात्र लिहू नये. ते पाळण्यासाठी नवे भाग काढावे लागतात, आणि मग नव्या भागधारकाच्या पैशावर जुना भागधारक पोसला जातो.

सभेत आपण लाभांशाचा आग्रह धरून उपयोग नाही, कारण अंतिम लाभांशाची शिफारस संचालक मंडळ करते आणि कंपनीच्या नियमावलीत सामान्यतः असे असते की, सभा ती रक्कम कमी करू शकते, वाढवू शकत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: पुढील हंगामाचे पट्टानिहाय अंदाजपत्रक, मालमत्तेत नेलेल्या पूर्वेक्षण खर्चाचा तपशील, आणि संचालकांना मिळणारे मानधन व भाडे. यांतील तिसऱ्या बाबीची रक्कम ड्रिलिंगच्या खर्चाशी ताडून पाहावी. लाभांशासाठी पैसा नाही म्हणणारे संचालक स्वतःसाठी भरपूर घेत असतील, तर आपली तक्रार खरी आहे, आणि ती लाभांशाच्या नव्हे, मानधनाच्या ठरावावर मांडावी.