मालवण-तारकर्लीला अगदी पाण्याकाठी बसून ताजी सुरमई-पापलेट खाता येईल असं हॉटेल कोणतं?

तुम्ही डिसेंबरात सहकुटुंब येताय, लाटांच्या जवळ बसून जेवायचंय आणि मासा ताजा हवाय. यातली जागा कुणीही देईल. दांडी, चिवला, तारकर्ली, देवबाग, कुठेही जा, वाळूत टेबलं मांडलेलीच आहेत. पण 'किनाऱ्यावरच असल्यामुळे मासे ताजेच मिळतील ना' असं जे पुढे लिहिलंत, ते वाचून राहवलं नाही.

आमच्या आईची मालवणात खानावळ होती. बाजारामागच्या गल्लीत, समोर शेजाऱ्यांचा चिऱ्याचा गडगा. माणसं दारात यायची, आत डोकावायची, "सी व्ह्यू नाही का?" विचारायची आणि मागे फिरायची. आत सकाळी आणलेल्या बांगड्यांचं तिखलं रटरटत असायचं, तिरफळांचा वास पार रस्त्यापर्यंत. त्या वासाने थांबणारे वेगळे आणि सी व्ह्यूवाले वेगळे.

माझा साडू दुसऱ्या गटातला. पुण्याचा. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवला, बांगडे चाटूनपुसून खाल्ले, आणि हात धुता धुता म्हणाला, "एवढ्या लांब यायचं आणि भिंतीकडे बघत जेवायचं, मजा नाही राव." आईने ऐकलं. बोलली काही नाही, पण त्यानंतर त्याला वाढताना तिने कधी आग्रह केला नाही. मालवणी बाई आग्रह करत नाही म्हणजे काय, ते ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तर गेल्या हिवाळ्यात हाच साडू आम्हा सगळ्यांना देवबागला जेवायला घेऊन गेला. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. आम्ही खाडीच्या अंगाला बसलो होतो. जागा सुंदरच, त्यात वाद नाही. संगमाकडून परतणाऱ्या बोटी, माडांना लावलेले दिवे, पायाखाली गार वाळू. साडूने मेन्यूकार्ड न उघडता सगळ्यांना सुरमई थाळी सांगून टाकली.

तुकडी आली ती रव्याचं जाड चिलखत घालून. रवा खरवडला तर आत मांस कोरडं, पांढरंफटक, दाताखाली कापूस. ताज्या सुरमईची तुकडी बोटाने नुसती दाबली तरी ओलसर पाकळ्या सुटतात, मधल्या काट्यापासून आपसूक वेगळ्या होतात. हिचा चुरा पडत होता. सोलकढी गुलाबी होती एवढंच तिच्याबद्दल बोलू शकतो; कोकमाच्या आगळाचा आंबटपणा नाही, नारळाच्या रसाचा दाटपणा नाही. साडू म्हणाला, "समोर समुद्र आहे, ताजीच असणार." समोर खाडी होती, पण ते जाऊ दे.

वाढणारा पोरगा बोलण्यावरून गावातलाच वाटला. त्याला हळूच विचारलं, "काय रे, आज रापणीक काय गावला?" म्हणजे आज किनाऱ्यावरच्या जाळ्यात काय सापडलं.

तो मॅनेजरकडे बघून म्हणाला, "तारले आसत काका. पण ते आमच्या जेवणाक केलेले."

"हाड मगे थोडे." आण तर मग थोडे.

आला की हो घेऊन. स्टीलच्या ताटलीत लालभडक तिखलं, रस जेमतेम अंगाबरोबर, वर ठेचलेली तिरफळं, बाजूला उकड्या भाताचा ढीग. तारली बोटाएवढी, पाठीचा काटा धरून ओढला की अख्खा सांगाडा हातात येतो. माझ्या पोरांनी आणि साडूच्याही पोरांनी सुरमई बाजूला सारून ते ताट रिकामं केलं. साडूने हात लावला नाही. काटे फार, म्हणे. बिलाच्या वेळी खरी गंमत झाली: कार्डावर तारली नव्हतीच, त्यामुळे किती लावायचे ते मॅनेजरला कळेना. शेवटी त्याने सोलकढीच्या भावात टाकली. त्या रात्रीचं सगळ्यात चांगलं जेवण सगळ्यात स्वस्त पडलं, आणि ते तिथल्या कामगारांसाठी शिजलं होतं.

आता हे असं का होतं ते ऐका. रापण म्हणजे होडीतून अर्धगोल जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. त्यात येतात तारली, बांगडे, पेडवे, मुडदुशा असली किनाऱ्यालगत फिरणारी मासळी. सकाळी ओढली, दुपारी कढईत. मोठी सुरमई बरेचदा खोल पाण्यात जाणाऱ्या बोटींची. त्या बोटी लगेच परतत नाहीत, मासा बर्फातच बंदराला लागतो. त्यातला उत्तम माल मुंबई-गोव्याचे व्यापारी उचलतात. आणि इकडे डिसेंबरात उतरलेल्या प्रत्येक गाडीला सुरमई आणि पापलेटच हवं असतं. मग हॉटेलवाल्याने काय करायचं? फ्रीझर भरून ठेवतो. त्याला मी दोष देत नाही, तो मागितलेलं विकतो. दोष मागणाऱ्याचा. पावसाळ्यात तर कहर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तरी जुलैत येऊन "ताजी सुरमई आहे ना?" विचारणारे मी पाहिलेत, आणि "आहे ना साहेब" म्हणणारेही.

म्हणून हॉटेलचं नाव सांगत नाही. निम्मे मालक ओळखीचे आहेत, उरलेल्या निम्म्यांशी मला भांडण नको. पण बसण्याआधी थाळी विचारू नका, आज काय आलंय ते विचारा. उत्तर अडखळत आलं आणि त्यात बांगडा, लेपो, मुडदुशी, कालवं असलं काही निघालं तर बसा. 'सगळं आहे' असं आलं तर उठा. मासा कापण्याआधी दाखवायला सांगा. डोळा फुगीर आणि पाणीदार, कल्ले लाल, बोटाने दाबलेलं मांस परत वर आलं पाहिजे. कापलेली तुकडीच दाखवली तर डोळा नाही, कल्ला नाही, बघणार काय? आणि रवा कमी लावायला सांगा. रव्याखाली वय झाकतं. संध्याकाळी मालवण बंदरावर लिलाव असतो, तोही बघून घ्या, त्या दिवशी काय आलंय ते तिथेच कळेल. मग सूर्यास्त किनाऱ्यावर बघा, चहा तिथेच प्या, आणि जेवायला आत बाजाराकडे या, जिथे समोर भिंत असेल. साडू म्हणतो वातावरणाचेही पैसे असतात. असतील. वातावरणाचे वेगळे द्यावेत, माशाच्या नावाखाली कशाला? हे उत्तर त्यालाही पाठवणार आहे, फॅमिली ग्रुपवर त्याने हा विषय परवाच पुन्हा काढला होता.

हां, किनाऱ्यावर सगळीच हॉटेलं वाईट आहेत असं नाही. काही घरांची स्वतःची होडी आहे आणि घरातलीच बाई रांधते. तिथे वाराही मिळतो आणि मासाही. सोबत म्हातारी माणसं असतील, लहान मुलाच्या घशात काटा जायची भीती असेल, तर खुशाल सुरमई मागवा, तिच्यात काटा काढायला सोपा. कुणाला तेलकट मासा सोसत नाही, त्यांनी तारलीच्या नादी लागू नये.

पापलेटाचं राहिलंच. २०२३ मध्ये सरकारने त्याला राज्य मासा केलंय, कारण तो कमी होत चाललाय. थाळीत तळहाताएवढंही नसलेलं अख्खं पापलेट मिळतं ते पिल्लू असतं, ते मागवू नका. मोठं दिसलं आणि भाव परवडला तर घ्या, नाहीतर त्या पैशात अख्ख्या घराला बांगडे येतील.