टोचन करताना नुसतं न्यूट्रल पुरत नाही

प्रश्न : माझी गाडी ऑटोमॅटिक, कायम फोर व्हील ड्राइव्हमध्ये चालणारी. ती बंद पडली तेव्हा टोचनवाला पुढची चाकं उचलून मागच्या चाकांवर ओढत न्यायला निघाला. ‘न्यूट्रलला टाका, काही होत नाही,’ म्हणाला. मी हटून बसलो, फ्लॅटबेड (अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक) मागवला. त्यात दोन तास गेले. उगाच ताणलं का?

उत्तर : दोन तासच गेले ना? मग फायद्यात आहात.

न्यूट्रलमध्ये इंजिन सुटतं, पण चाकांकडून येणारे शाफ्ट गिअरबॉक्सला जोडलेलेच राहतात. चाक फिरलं की आतले भागही फिरतात. ऑटोमॅटिकमध्ये ऑइल खेळवणारा पंप सहसा इंजिनावर चालतो. इंजिन बंद, की सगळं कोरडंच फिरणार. त्यातून तुमची मागची चाकं धावणार आणि पुढची जागच्या जागी. मधलं डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) वळणावरचा जरासा फरक सोसतं, पण हा फरक वाटभर चालणार. व्हिस्कस कपलिंग (पुढच्या-मागच्या शाफ्टना घट्ट द्रवातून जोडणारा भाग) असेल तर आतलं सिलिकॉनचं द्रव तापतं, कपलिंग आवळतं आणि बांधलेली पुढची चाकंही फिरायला बघतात.

माझ्या उमेदवारीतली गोष्ट. गाडी साध्या, लिव्हरने फोर व्हील लावायच्या जातीची. मोठा गिअर मी न्यूट्रलला टाकला, ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीचा, छोटा लिव्हर ‘फोर हाय’लाच (चारही चाकं जोडलेली) राहिला. पुढची चाकं उचलून बांधली आणि निघालो. मागची चाकं फिरेनात, रस्त्यावर नुसत्या दोन काळ्या रेघा. मग कटकन आवाज आला आणि चाकं फिरायला लागली. मला वाटलं, अडकलेला ब्रेक सुटला! सुटली होती ती ट्रान्सफर केसची चेन. उस्तादांनी ती तुटकी चेन महिनाभर माझ्या खुंटीला टांगून ठेवली.

अशा गाड्यांपैकी काहींच्या ट्रान्सफर केसला स्वतःचा न्यूट्रल असतो. तो लावून चारही चाकांवर ओढायला कंपनीची परवानगी आहे का, हे गाडीच्या पुस्तकात बघावं. फ्लॅटबेड मिळतच नसेल तर जमिनीवरच्या दोन चाकांखालीही ट्रॉली घ्या. काही मेकॅनिक प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा गाडीखालचा लांब दांडा) सोडवून नेतात. तेही चालतं, पण ज्या गाडीच्या पुस्तकात तशी मुभा असेल तिथेच. आणि खोलण्याआधी दोन्ही फ्लँजवर (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात त्या चकत्यांवर) खडूने खूण करायला सांगा. शाफ्ट उलटा बसला तर गाडी थरथरत राहते.

आणि हो, फ्लॅटबेडवर पट्टे चाकांवरून आवळून घ्या. एकाने स्टिअरिंगच्या रॉडला हूक अडकवलेला मी पाहिलाय.