पाऊस झाला, तरी पाणीबंदी का?

प्रश्न : दोनदा चांगला पाऊस झाला, तरी पालिकेने नळीने गाडी धुण्यावरील बंदी उठवलेली नाही. हा अतिरेक नव्हे काय?

उत्तर : आपली नाराजी समजण्याजोगी आहे, परंतु पहिल्या सरींचे बरेचसे पाणी कोरडी जमीनच शोषून घेते, त्यामुळे जलाशयात ते उशिरा पोहोचते आणि भूजल पूर्ववत होण्यास तर कित्येक महिने लागू शकतात. निर्बंध ठरतात ते साठ्यावरून, पावसावरून नव्हे. केप टाउनमध्ये २०१८च्या टंचाईत माणशी दररोज ५० लिटरची मर्यादा होती. त्या मानाने नळीबंदी सौम्यच म्हणावी लागेल. नळी मिनिटाला १० लिटरहून अधिक पाणी सहज ओतते. बादलीला निदान तळ तरी असतो. बादलीने गाडी धुण्यास अनेकदा मुभा असते, तेव्हा आदेशातील सवलती एकदा वाचून घ्याव्यात.